खेळ सुरू होताच बंद पडणारा संगणक

ज्या संगणकावर दिवसभर पत्रव्यवहार होतो, जमाखर्चाचे तक्ते भरले जातात, बँकेचे व्यवहार उरकले जातात आणि रात्री एखादा चित्रपटही निर्विघ्नपणे पाहिला जातो, तोच संगणक एखादा भारी खेळ सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत थिजतो, त्याचा पडदा निळा पडतो किंवा तो काहीही पूर्वसूचना न देता एकाएकी बंद होतो, अशी तक्रार आज पुष्कळ घरांतून ऐकू येते. घरातील वडीलधारी मंडळी तिचा अर्थ असा लावतात की, ज्याअर्थी बाकी सर्व कामे सुरळीत होतात त्याअर्थी यंत्र निर्दोष असून दोष त्या खेळाचाच असला पाहिजे. आणि खेळणारा मुलगा वा मुलगी ग्राफिक्स कार्ड जुने झाले असून नवे घेण्यावाचून गत्यंतर नाही, अशा निर्णयाला येऊन पोचते. हे दोन्ही निर्णय पुराव्यावाचून घेतलेले असतात, आणि त्यांपैकी दुसरा तर मध्यमवर्गीय कुटुंबाला वीस-पंचवीस हजारांच्या किंवा त्याहूनही मोठ्या खर्चात घालणारा असतो. वास्तविक या बिघाडाचा माग काढण्याची एक सरळ पद्धत आहे, तिला फारसा पैसा लागत नाही, आणि थोडा धीर व नोंदी ठेवण्याची सवय असलेल्या कोणाही सुशिक्षित माणसाला ती साधण्यासारखी आहे.

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की, आधुनिक खेळाइतके कठोर काम घरगुती संगणकाला दुसरे कोणी सांगत नाही. पडद्यावर दर सेकंदाला साठ चित्रे उमटायची, तर एकेका चित्रासाठी यंत्राच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात. आणि तेवढ्या अवधीत प्रोसेसरने खेळातील पात्रांच्या हालचालींचा हिशेब करायचा, ग्राफिक्स कार्डाने प्रकाश-छायेसह ते दृश्य रंगवायचे, मेमरीने मागेल ती सामग्री पुरवायची, डिस्कवरून पुढचा भाग उचलला जायचा आणि इंटरनेटवरून आलेली माहितीही त्यात जमेस धरायची, असा सगळा कारभार एकाच वेळी चाललेला असतो. पत्र लिहिताना जो संगणक साठ-सत्तर वॉट वीज घेतो, तोच भारी खेळात चारशे-पाचशे वॉटपर्यंत जातो. म्हणून ‘बाकी सगळे नीट चालते’ या साक्षीला येथे फारसे मोल नाही. तिने एवढेच सिद्ध होते की, हलक्या कामात यंत्राचा कोणताच भाग आपल्या मर्यादेपर्यंत पोचत नाही.

तपासाचा पहिला प्रश्न ‘का बंद पडला’ हा नसून ‘कसा बंद पडला’ हा आहे, आणि या प्रश्नाचे काळजीपूर्वक उत्तर देणारा माणूस निम्मा मार्ग आक्रमून जातो. नुसता खेळच बंद होऊन विंडोजचा नेहमीचा पडदा परत आला, तर संशय प्रथम त्या खेळाच्या फायलींवर, ग्राफिक्स ड्रायव्हरवर किंवा मेमरीवर घ्यावा. पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हा उजळला आणि ‘डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले होते’ अशा आशयाची सूचना आली, तर ग्राफिक्स कार्ड ठरलेल्या वेळात उत्तर देऊ शकले नाही असे समजावे. विंडोज व्हिस्टापासून अशी व्यवस्था आहे की, कार्ड दोन सेकंद गप्प राहिले तर विंडोज त्याला नव्याने सुरू करून पाहते. निळा पडदा येऊन त्यावर इंग्रजीत एखादा संकेत दिसला (२०२५पासून विंडोज ११मध्ये हा पडदा काळा झाला आहे), तर विंडोजने स्वतः होऊन काम थांबवले असून कारणाची काही खूणही मागे ठेवली आहे. चित्र जागच्या जागी गोठून आवाजाचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहणे हा चौथा प्रकार. आणि पाचवा प्रकार, ज्यात पडद्यावर काहीही न उमटता यंत्र तत्क्षणी निर्जीव होते, तो बहुतेक वेळा विजेच्या पुरवठ्याकडे आणि क्वचित अतिरिक्त उष्णतेकडे बोट दाखवतो. दुरुस्तीसाठी येणाऱ्या माणसाला ‘संगणक हँग होतो’ एवढेच सांगितले जाते आणि या पाचही प्रकारांची गल्लत होते, ही माझ्या मते या सगळ्या व्यवहारातील सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

दुसरा साक्षीदार म्हणजे यंत्राचे स्वतःचे दप्तर. विंडोजमध्ये ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ नावाचा एक भाग असतो. सुरुवातीच्या शोधपट्टीत ‘रिलायबिलिटी’ हा शब्द लिहिला की तो सापडतो, आणि त्यात तारीखवार रकाने असून ज्या दिवशी काही कोसळले त्या दिवशी तांबडी फुली दिसते. फुलीवर क्लिक केले की त्या दिवशीच्या घटनांची यादी खाली उघडते. आणि त्याच आठवड्यात कोणता ड्रायव्हर बदलला, कोणता नवा प्रोग्राम आला याचीही नोंद शेजारी मिळते. कित्येकदा बिघाडाचा आरंभ आणि एखाद्या फेरफाराची तारीख यांचा मेळ येथेच बसतो. याहून तपशीलवार बाड ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये असते. तेथे ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसताच, ‘पॉवर’ हा शब्द वाचून पॉवर सप्लाय बदलायला निघणारे लोक पुष्कळ आहेत. पण त्या नोंदीचा अर्थ एवढाच की, मागच्या खेपेस यंत्र रीतसर बंद न होता मध्येच थांबले. ते का थांबले, याविषयी ती नोंद अवाक्षरही सांगत नाही. भिंतीवरचे बटण कोणी चुकून बंद केले तरी हीच नोंद होते. याउलट ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ या नावाने झालेली नोंद गंभीरपणे घ्यावी, कारण ती प्रोसेसरने किंवा मदरबोर्डवरील एखाद्या भागाने स्वतः दिलेली चुकीची कबुली असते, आणि तिच्यात खेळाचा किंवा विंडोजचा दोष असण्याचा संभव अत्यल्प असतो.

या दप्तराचा उल्लेख मी इतक्या आधी करतो याला कारण आहे. आपल्याकडील दुरुस्तीच्या दुकानांत तक्रार कोणतीही असो, ‘फॉरमॅट मारून देतो’ हा पहिला तोडगा असतो. विंडोज पुसून नवी घातल्याने काही बिघाड जातात हे खरे. परंतु त्या एका कृतीने आजवरच्या सगळ्या नोंदी नष्ट होतात, घरातील छायाचित्रे आणि कागदपत्रे धोक्यात येतात, आणि दोष जर उष्णतेत, विजेत किंवा मेमरीत असेल तर आठ दिवसांनी तीच तक्रार पुन्हा दारात उभी राहते. फॉरमॅट हा उपाय शेवटच्या काही उपायांपैकी आहे, आणि त्याला पहिल्या स्थानी बसवणाऱ्या कारागिराला ‘नोंदी पाहिल्या का?’ असे नम्रपणे पण स्पष्ट विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे.

तपासाचा नियम एकच, आणि तो प्रयोगशाळेतला आहे: एका वेळी एकच फेरफार करावा, तो वहीत लिहून ठेवावा, आणि पूर्वी जितक्या वेळात यंत्र हमखास बंद पडत असे त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ तोच खेळ चालवून पाहावा. एकाच संध्याकाळी ड्रायव्हर बदलला, मेमरीच्या पट्ट्या काढून घातल्या, बायॉस अद्ययावत केला आणि पंखाही साफ केला, तर त्रास गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही, आणि महिन्याभराने परत आला तर तपास पुन्हा पहिल्या पायरीपासून करावा लागतो.

उष्णतेपासून प्रारंभ करणे इष्ट, कारण तिची परीक्षा फुकट होते. ‘एचडब्ल्यूइन्फो’सारखा विनामूल्य प्रोग्राम मागे चालू ठेवून अर्धा तास खेळावे आणि प्रत्येक भागाचे कमाल तापमान पाहावे. इंटेलच्या अलीकडच्या पुष्कळ प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील डेस्कटॉप प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत चालण्यासाठीच घडवलेले आहेत. ग्राफिक्स कार्डे साधारणतः ८३ ते ९० अंशांच्या दरम्यान आपला वेग उतरवू लागतात. मर्यादा गाठताच हे भाग प्रथम वेग कमी करतात आणि तरीही तापमान चढत राहिले तरच यंत्र बंद करतात. म्हणून खेळ आधी अडखळू लागला आणि मग संगणक बंद पडला, असा क्रम असेल तर उष्णतेचा संशय बळावतो.

येथे आपल्या प्रदेशाचा विचार करणे प्राप्त आहे. पंख्याने वा पाण्याने थंड होणारे कोणतेही यंत्र खोलीच्या हवेहून थंड होऊ शकत नाही, आणि खोलीचे तापमान जितक्या अंशांनी वाढेल जवळजवळ तितक्याच अंशांनी आतील भागांचेही वाढते. नागपूर-चंद्रपूरकडे डिसेंबरात ७० अंशांवर समाधानाने चालणारे कार्ड, मे महिन्यात बाहेर ४५ अंश तापमान असताना बंद खोलीत ९० अंशांच्या घरात गेले तर त्यात नवल नाही. आणि हिवाळ्यात निर्दोष असलेला संगणक उन्हाळ्यात बंद पडू लागला तर तेवढ्यावरून त्याला बिघडलेला ठरवणे अन्याय्य आहे. कोकणपट्टीत उष्णतेपेक्षा दमट खारी हवा अधिक घातक असते. मेमरीच्या पट्टीच्या सोनेरी दातांवर आणि जोडांच्या पिनांवर मळ आणि गंज धरतो, आणि पट्टी काढून, दात स्वच्छ पुसून पुन्हा घट्ट बसवल्यावर त्रास थांबला, असा अनुभव तेथे दुर्मीळ नाही.

लॅपटॉपची मागची पाटी उघडली की पंखा आणि तांब्याच्या पातळ पात्यांची जाळी यांच्यामध्ये, जेथून हवा बाहेर पडायची नेमक्या त्याच ठिकाणी, धुळीचा आणि केसांचा बुरणुसासारखा दाट थर जमलेला दिसतो. वरून पंख्याची पाती स्वच्छ दिसत असल्यामुळे हा थर लक्षात येत नाही. पंखा मोठ्याने घोंघावतो, पण जाळीतून हवा जातच नाही. तो थर चिमट्याने अलगद उचलावा, आणि हवेचा झोत मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, म्हणजे पंखा भरमसाट वेगाने फिरून त्याच्या बेअरिंगला इजा होत नाही. चार-पाच वर्षांच्या यंत्रात प्रोसेसर आणि त्यावरील धातूचा ठोकळा यांमधील थर्मल पेस्ट वाळून गेलेली असते, तीही बदलून घ्यावी. आणि लॅपटॉप गादीवर ठेवून खेळणे मात्र आजच बंद करावे, कारण त्याचे श्वास घेण्याचे मार्ग खालच्या बाजूस असतात.

विजेचा प्रश्न आपल्याकडे अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि परदेशी लेखनात त्याचा विचार अपुरा असतो म्हणून तो येथे थोडा विस्ताराने सांगणे अवश्य वाटते. आपल्या घरांतून जो यूपीएस सर्वत्र दिसतो तो बहुधा ६०० व्हीएचा असतो, आणि त्याची खरी क्षमता सुमारे ३६० वॉटची असते. कार्यालयीन कामाच्या संगणकाला तो पुरून उरतो. पण खेळाच्या वेळी चारशे-साडेचारशे वॉट मागणारे यंत्र त्याच्यावर असेल, तर पुरवठा अखंड असेपर्यंत कदाचित निभावते. मात्र इमारतीतील पाण्याची मोटर सुरू झाली किंवा शेजारच्या खोलीतील वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसर लागला आणि व्होल्टेज क्षणभर खाली गेले की, यूपीएस बॅटरीवर जाऊ पाहतो आणि तो भार न पेलल्यामुळे सर्वच बंद करतो. घरच्यांना दिवे गेलेले दिसत नाहीत, म्हणून दोष संगणकाच्या माथी मारला जातो. याची परीक्षा अगदी सोपी आहे: ज्या वेळी वीज सहसा जात नाही अशा एखाद्या संध्याकाळी यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड दोन्ही बाजूस सारून संगणक थेट भिंतीतील १६ अँपिअरच्या सॉकेटला जोडावा आणि खेळून पाहावे. घरगुती इन्व्हर्टर असेल तर त्यावर संगणकासाठी जो निराळा ‘यूपीएस मोड’ असतो तो चालू आहे की नाही, हेही पाहावे. कारण पुरवठा खंडित झाल्यावर संगणकाचा पॉवर सप्लाय पूर्ण भाराखाली सुमारे १६ मिलिसेकंदच तग धरतो, आणि साध्या मोडमध्ये इन्व्हर्टर त्याहून सावकाश बदलतो. लोखंडी पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही किंवा तुटले आहे असे समजून, संगणकवाल्याच्याही आधी वायरमनला बोलवावे.

पॉवर सप्लायच्या पेटीवर छापलेला वॉटचा आकडा हा पुरावा म्हणून अपुरा आहे. आजची ग्राफिक्स कार्डे सरासरीने जितकी वीज घेतात त्याच्या दुपटीच्या आसपास, पण सेकंदाच्या अत्यल्प अंशापुरती, उसळी घेतात. आणि जुना वा हलक्या प्रतीचा पॉवर सप्लाय त्या उसळीला बिघाड समजून स्वसंरक्षणार्थ बंद होतो. हा प्रश्न इतका मोठा झाला की, २०२२ साली इंटेलने जाहीर केलेल्या एटीएक्स ३.० या मानकात, पॉवर सप्लायने आपल्या क्षमतेच्या २०० टक्क्यांपर्यंतची उसळी १०० मायक्रोसेकंद सोसलीच पाहिजे, अशी अट घालण्यात आली. ज्यांच्याकडे दोन जोड लागणारे कार्ड आहे त्यांनी ते दोन्ही जोड एकाच केबलच्या दोन फाट्यांतून न देता दोन स्वतंत्र केबलींतून द्यावेत. यास काही खर्च नाही, आणि एवढ्याने पुष्कळांचे काम भागते.

दोष भाराशी निगडित आहे की खेळाच्या फायलींशी, हे ठरवण्याची एक युक्ती मला विशेष मोलाची वाटते. खेळाच्या सेटिंग्जमध्ये दर सेकंदाच्या चित्रांना मर्यादा घालता येते. ती साठवर, किंवा तीसवर आणून पाहावी. एवढ्याने बंद पडणे थांबले, तर फायली निर्दोष असून उष्णता, वीज किंवा कार्ड यांपैकी कोणी तरी भाराखाली खचते आहे, असा निष्कर्ष निघतो. २०२१च्या जुलैमध्ये ॲमेझॉनच्या ‘न्यू वर्ल्ड’ या खेळाची मर्यादित चाचणी चालू असताना काही खेळाडूंची ईव्हीजीए कंपनीची अत्यंत महाग ३०९० जातीची कार्डे कायमची निकामी झाली. खेळाच्या प्रारंभीच्या, वरवर निरुपद्रवी दिसणाऱ्या पडद्यावर चित्रांच्या संख्येला बांधच नव्हता, त्यामुळे कार्डावर विलक्षण भार पडत होता. ॲमेझॉनने तो बांध घातला, आणि पुढे ईव्हीजीएने आपल्या आरंभीच्या काही कार्डांच्या डाखकामात दोष असल्याचे मान्य केले. दोष यंत्रात होता, तो उघड केला खेळाने. आणि दोघांनाही आपापल्या परीने सुधारावे लागले.

मेमरीविषयी एक गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात. ६००० असा आकडा छापलेली डीडीआर५ मेमरी पेटीतून काढून बसवली तर सामान्यतः ४८००च्या वेगाने चालते. छापील वेग मिळवण्यासाठी बायॉसमध्ये ‘एक्सएमपी’ किंवा ‘एक्स्पो’ हे कलम चालू करावे लागते, आणि ते चालू करणे म्हणजे मेमरीला तिच्या मूळ प्रमाणित वेगापलीकडे पळवणे होय. बहुतेक यंत्रे हे सहन करतात. काही करीत नाहीत, विशेषतः चारही खाचांत पट्ट्या असतील तेव्हा. म्हणून हे कलम तूर्त बंद करून खेळून पाहावे. त्याने त्रास थांबला तर थोडा वेग गमावून स्वास्थ्य मिळाले, असे समजावे. थांबला नाही तर ‘मेमटेस्ट८६’ पेन ड्राइव्हवर घेऊन रात्रभर चार फेऱ्या होऊ द्याव्यात. या परीक्षेत एक चूक निघाली तरी ती एकच आहे म्हणून सोडून देऊ नये. मेमरीच्या बाबतीत निर्दोष याचा अर्थ शून्य चुका असाच आहे. दोन पट्ट्या असतील तर एकेक पट्टी निरनिराळी बसवून परीक्षा घ्यावी, म्हणजे दोषी पट्टी आपोआप निराळी पडते.

ड्रायव्हर आणि इतर प्रोग्राम यांविषयी थोडक्यात सांगता येईल. ज्या दुकानातून खेळ घेतला त्याच्याच प्रोग्राममध्ये फायली पडताळण्याची सोय असते, ती प्रथम वापरावी. ग्राफिक्स ड्रायव्हर बदलायचा तर जुना ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ने समूळ काढून मग नवा घालावा, आणि त्रास नव्या ड्रायव्हरनंतर सुरू झाला असेल तर बिनदिक्कत मागच्या आवृत्तीवर जावे, कारण नवे तेच उत्तम असा नियम नाही. खेळावर तरंगणाऱ्या गप्पांच्या आणि चित्रीकरणाच्या खिडक्या काही काळ बंद ठेवाव्यात. कार्ड किंवा प्रोसेसर ज्याने हौसेने अधिक वेगाने पळवला असेल त्याने तो मूळ वेगावर आणल्यावाचून पुढे एक पाऊलही टाकू नये.

आता ज्या प्रकरणाकडे मी मुद्दाम शेवटी येतो आहे ते या विषयातील अलीकडच्या काळातले सर्वांत बोधप्रद प्रकरण होय. इंटेलचे तेराव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर २०२२च्या ऑक्टोबरात आणि चौदाव्या पिढीचे २०२३च्या ऑक्टोबरात विक्रीस आले. काही महिन्यांच्या वापरानंतर त्यांपैकी वरच्या दर्जाच्या प्रोसेसरांवर एक चमत्कारिक तक्रार येऊ लागली: अनरियल इंजिनवर बांधलेले खेळ सुरू होता होताच कोसळत, आणि पडद्यावर ‘व्हिडिओ मेमरी संपली’ अशा अर्थाचा संदेश येई. २४ गिगाबाइट मेमरी असलेल्या कार्डांच्या मालकांनाही हाच संदेश दिसे. साहजिकच लोकांनी ग्राफिक्स कार्डाला दोष दिला, ड्रायव्हर बदलले, कार्डे परत केली. त्रास जसाच्या तसा राहिला.

खरा प्रकार असा होता की, खेळ सुरू होताना त्याच्या दाबून बांधलेल्या फायली सोडवण्याचे आणि प्रकाश-छायेचे छोटे प्रोग्राम, ज्यांना शेडर म्हणतात, ते तयार करण्याचे काम प्रोसेसरच्या सर्व कोअरवर एकदम पडते. या कामात प्रोसेसरच हिशेब चुकत होता, आणि त्याने पुढे केलेली चुकीची मागणी ग्राफिक्सच्या टप्प्यावर गेल्यावर तेथे अशक्य ठरत असल्यामुळे संदेश त्या टप्प्याच्या नावाने उमटत होता. फायली सोडवणारा ‘ऊडल’ हा प्रोग्राम ज्यांनी लिहिला त्या रॅड या संस्थेने २०२४च्या प्रारंभी जाहीर केले की, दोष आपल्या प्रोग्राममध्येही नाही आणि अनरियल इंजिनमध्येही नाही. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये एनव्हिडियानेही अशा तक्रारदारांना इंटेलकडे जाण्यास सांगितले. जुलैत ऑस्ट्रेलियातील अल्डरॉन गेम्स या खेळ बनवणाऱ्या संस्थेने आपले सर्व सर्व्हर एएमडीवर नेत असल्याचे उघडपणे सांगितले. आणि त्याच महिन्यात इंटेलने मान्य केले की, प्रोसेसरच्या आतील मायक्रोकोड आवश्यकतेहून अधिक व्होल्टेज मागत होता. सप्टेंबरात पूर्ण खुलासा आला: त्या अधिक व्होल्टेजने आणि उष्णतेने कोअरमधील घड्याळाची लय सांभाळणारे मंडल अकाली जीर्ण होत होते, आणि त्यामुळे एके काळी पुरेसे असणारे व्होल्टेज पुढे अपुरे पडू लागत होते. मायक्रोकोडच्या सुधारित आवृत्त्या बायॉसच्या वाटे देण्यात आल्या. परंतु त्या पुढची झीज थांबवतात. झालेली झीज भरून काढत नाहीत.

या प्रकरणातील एक खूण ओळखून ठेवण्याजोगी आहे. अशा यंत्रावर एखादी मोठी झिप फाईल उघडताना ती एकदा ‘भ्रष्ट आहे’ असे म्हणून नाकारली जाई, आणि तीच फाईल, तिला हातही न लावता, दुसऱ्या खेपेस निमूट उघडे. ग्राफिक्स ड्रायव्हर बसवतानाही असेच होई. फाईल बिघडलेली असती तर ती दर खेपेस बिघडलेली दिसली असती. एकाच प्रश्नाला दोन खेपेस दोन उत्तरे मिळतात तेव्हा प्रोसेसर किंवा मेमरी यांपैकी एकाकडे दोष आहे असे खुशाल समजावे. बायॉसमध्ये प्रोसेसरच्या वेगाचा गुणक किंचित उतरवून पाहिला आणि त्रास थांबला, तर संशय जवळजवळ पक्का झाला. प्रोसेसरच चुकू शकतो हे पुष्कळांना खरे वाटत नाही. परंतु मर्सेन मूळसंख्या शोधण्यासाठी १९९६ साली सुरू झालेल्या उपक्रमाचा ‘प्राइम९५’ हा प्रोग्राम आज जगभर परीक्षक म्हणून वापरला जातो तो याचसाठी, आणि २०१६ साली याच प्रोग्रामने इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधील एक दोष उघडकीस आणला, जो पुढे बायॉसच्या सुधारणेने दूर झाला. ज्या गणिताचे अचूक उत्तर आधीच ठाऊक आहे ते यंत्राकडून तासन्‌तास करवून घ्यावे आणि एकही उत्तर चुकते का हे पाहावे, ही कल्पना साधी आहे आणि तिला फसवणे कठीण आहे.

इतके करूनही उलगडा झाला नाही तर भाग बदलून पाहणे उरते, आणि ते मित्राकडून उसना भाग आणून करावे, विकत घेऊन नव्हे. विकत घ्यायचाच झाला, तर मुंबईतील लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात किंवा परस्पर मिळणाऱ्या जुन्या ग्राफिक्स कार्डांविषयी सावध असावे: २०२२च्या सप्टेंबरात इथेरियम या चलनाची पद्धत बदलून कार्डांनी ते ‘खोदण्याचा’ व्यवसाय बंद पडला, आणि अहोरात्र राबवलेली कार्डे विक्रीस निघाली. जुने कार्ड घेताना ते दुकानातच अर्धा तास भारी खेळावर चालवून दाखवण्याची अट घालावी, आणि विक्रेता तयार नसेल तर व्यवहार करू नये.

ज्या वाचकांच्या घरी इंटेलच्या तेराव्या वा चौदाव्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर आहे, त्यांना एक आग्रहाची विनंती आहे. मदरबोर्डच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून २०२४च्या सप्टेंबरानंतरचा बायॉस आजच घालून घ्यावा, त्रास होत नसला तरीही. आणि खरेदीचे बिल शोधून जपून ठेवावे. या प्रोसेसरांची हमी इंटेलने तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली आहे. ज्यांनी तो ऑक्टोबर २०२२मध्ये पेटीबंद विकत घेतला असेल त्यांची मुदत ऑक्टोबर २०२७मध्ये संपते. ज्यांनी तयार संगणक घेतला असेल त्यांनी ज्या कंपनीचा तो संगणक आहे तिच्याकडे लेखी तक्रार नोंदवावी, तिचा क्रमांक मागून घ्यावा, आणि बंद पडण्याच्या तारखा व वेळा लिहिलेली वही त्या तक्रारीला जोडावी.